हातावरचा रुमाल

मी रुमाल बोलतोय. नाक पुसायचा नव्हे; खांद्यावर टाकायचा, संगमनेरच्या मागावर विणलेला, लाल काठाचा. माझा धनी भिमाजी, काष्टीच्या बैलबाजारातला दलाल.

तिथली रीतच अशी, की भाव तोंडानं बोलायचा नाही. दलाल आणि गिऱ्हाईक हातात हात घालत, वरून मला पांघरत आणि आत बोटं दाबून सौदा करत. एक बोट म्हणजे दहा, अख्खा पंजा म्हणजे पन्नास. ज्याचा बैल तो बाजूला उभा राहून माझ्याकडे बघत बसे. शेवटी भिमाजी सांगेल तो भाव त्यानं मुकाट्यानं घ्यायचा. आतली गोष्ट त्या दोघांना ठाऊक आणि मला. तेव्हा मला याचा मोठा तोरा होता.

दुसरी मोठी लढाई संपली त्या सुमारास एका तेलगिरणीला बरे दिवस आले आणि तिच्या शेअरना गिऱ्हाईक लागलं. शेअर गावोगाव साध्या माणसांकडे होते, पण भाव कुठं लिहून लावलेला नसे आणि विचारायचं कुणाला तेही कळत नसे. लोकांच्या ओळखीचा दलाल एकच. मग कागदाचे सौदेही बैलासारखे माझ्याखाली होऊ लागले.

एका बाजारी साराबाई आल्या. त्यांचे यजमान इसहाक मास्तर नुकतेच वारले होते. मुलगी मरियाला मिरजेला नर्सिंग शिकवायचं म्हणून मास्तरांनी पोटाला चिमटा घेऊन त्याच गिरणीचे दहा शेअर घेऊन ठेवले होते; तेच विकायला त्या आल्या होत्या. भिमाजीला पाटीवर पहिली अक्षरं गिरवायला लावली तीही याच मास्तरांनी.

बाजारातल्या हॉटेलात शेअर घेणारा व्यापारी बसला होता. त्यानं माझ्याखाली पंजा दाबला, मग तीन बोटं. शेअरला ऐंशी.  मला वाटलं, मास्तरांच्या बायकोला तरी तो खरं सांगेल, मधला फरक नेहमीसारखा स्वतःच्या खिशात घालणार नाही.

"पन्नास म्हनतोय, बाई," तो म्हणाला. "कागदाला उठाव न्हाई."

"तुमी हाय म्हनून मला घोर न्हाई, भाऊ."

उठताना कुणाचा तरी धक्का लागला आणि चहा माझ्यावर सांडला. साराबाईंनी मला उचललं, धुऊन आणते म्हणाल्या. पुढच्या बाजारी त्यांनी मला घडी घालून भिमाजीच्या हातात दिलं.

"डाग निघाला बगा. मरियाचं मिरजेचं तेवढं न्हाई जमलं, पैसं कमी पडलं. विड्या वळाया बसवली तिला. तुमी तरी काय करनार, भावच न्हवता."

भिमाजीनं मला खांद्यावर न टाकता पिशवीत कोंबलं. त्या निघून गेल्या.

त्यानंतर त्यानं मला हातावर कधी घेतलं नाही. भाव मोठ्यानं सांगू लागला. लोक त्याला सरळ माणूस म्हणतात, तेव्हा तो खाली बघतो. विडीही त्यानं सोडली. लोकांना वाटतं, छातीचं काहीतरी असेल.

मी पेटीत पडून आहे. साराबाईंच्या साबणाचा वास अजून येतो आणि माझी मला लाज वाटते. तुमच्या मालाचा सौदा कुणी कापडाखाली करत असेल, तर भीड ठेवू नका, पुढं होऊन कापड उचला. मी काही जड नाही. त्या दिवशी साराबाईंनी मला उचललंच की. फक्त घटकाभर आधी उचलायला हवं होतं.