अनुमानाला पाच गुण

आप्पांचं तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी त्यांचं टेबल आवरताना मला दहावीच्या उजळणीची पानं सापडली. कथानक, पात्र, निवेदक, मध्यवर्ती कल्पना. प्रत्येकाची एका ओळीत व्याख्या, खाली स्वतः रचलेलं उदाहरण. निवृत्तीनंतर ते दर रविवारी टिळकवाडीतल्या मंडळाच्या सभागृहात मराठी शाळांच्या मुलांची उजळणी घेत.

‘अनुमान’ या शब्दाखाली उतारा होता : ‘एक म्हातारा रोज चार वाजता दोन कप चहा करतो. एक पितो, दुसरा मोरीत ओततो. मुलगी येणार आहे, असं शेजारणीला सांगतो.’ प्रश्न : मुलगी का आली नाही? उताऱ्यातला पुरावा द्या. गुण पाच.

मी पुण्यात असते. आठ महिन्यांत आले नव्हते. दोनदा तिकीट काढून रद्द केलं, कारण कामाचं सांगितलं.

निवेदक म्हणजे लेखक नव्हे, हे मी कितीतरी जणांना ऐकवलं असेल. तेव्हा मात्र आठवलं नाही. म्हातारा म्हणजे आप्पाच, मुलगी म्हणजे मी. माझ्याविषयीची तक्रार मला न सांगता त्यांनी चाळीस मुलांना वाटली होती.

स्वयंपाकाला येणाऱ्या शालूबाईंना विचारलं, “आप्पा चहा किती कप करायचे?”

“दोन. का ओ?”

“माझ्याबद्दल काही बोलायचे?”

“न्हाय बाई. कधीच न्हाय.” त्यांनी नळ मोठा सोडला.

रविवारी मी पानं घेऊन सभागृहात गेले. वर्ग आता नागेंद्र घेतो. आप्पांचा जुना विद्यार्थी, निपाणीकडे शिक्षक आहे. फळ्यावर तोच प्रश्न होता. खाली उत्तर : ‘मुलगी स्वार्थी आहे. तिला वडिलांची किंमत नाही.’ मुलं उतरवून घेत होती. मला बघताच नागेंद्रने डस्टर उचललं.

“आक्का, तुमी? सांगून पाठवलं असतं तर मीच आलो असतो की.”

“पुसू नकोस. हे उत्तर आप्पांचं?”

“व्हय... म्हंजे, तसं न्हाय.”

“सर, ह्या उत्तराला आप्पासरांनी शून्य दिलतं!” मागून एक मुलगी म्हणाली.

“माधवी, गप बस गं.”

“खरं तेच सांगालोय. मला बी शून्य, तुमच्या भावाला बी शून्य.”

वर्ग हसला. नागेंद्रने कपाटातून डिसेंबरच्या सराव परीक्षेचा गठ्ठा काढून माझ्यापुढे ठेवला. मी एकेक पेपर बघत गेले. मुलगी विसरली. मुलगी नवऱ्याचं ऐकते. मुलीला वडिलांची लाज वाटते. प्रत्येक उत्तराशेजारी आप्पांच्या लाल शाईत ‘पुरावा?’ आणि शून्य. चाळीसच्या चाळीस.

“पालक भांडायला आलते,” नागेंद्र हळू आवाजात म्हणाला. “मी पण विचारलो, सर, मग बरोबर उत्तर काय? तर म्हणाले, उताऱ्यात मुलीबद्दल एवढंच हाय, की ती येणार हाय. मग तिच्यावर कशाला ढकलताय? उताऱ्यावरून कळत नाही असं लिहा आणि पाच गुण घ्या.”

“मग हे फळ्यावर कुणी घातलं?”

“मीच घातलो. पोरांना ठरलेलं एक उत्तर लागतंय ओ. बोर्डाच्या पेपरात कळत नाही म्हणून चालतंय व्हय?” तो माझ्याकडे बघत नव्हता. “यंदा हा उतारा काढूनच टाकतो, आक्का.”

“उतारा राहू दे. उत्तर पूस.”

त्याने पुसलं. माधवीने वहीतल्या दोन ओळींवर काट मारली, ‘उताऱ्यावरून कळत नाही’ हे आप्पांचं वाक्य लिहिलं आणि मान वर केली.

“पण म्याडम, खरंच का आली नसंल ओ ती?”

“वडील थकलेले बघवत नव्हते तिला.”

“हे लिहू?”

“नको,” मी म्हणाले. “हे उताऱ्यात नाही.”