चिनी वाचणारा लालमहंमद

लातूरच्या आमच्या डाळमिलमध्ये रंग बघून खराब डाळ बाजूला उडवणारं एक मशीन आहे. त्याच्या पडद्यावर सगळं चिनी. नऊ वर्षं ते मीच चालवलं, आणि मालक बसलिंगप्पा येईल त्या व्यापाऱ्याला सांगायचे, आमचा लालमहंमद चिनी वाचतो. मी कधी नाही म्हटलं नाही. बसवणारा माणूस दोन दिवस शिकवून गेला होता, पुढचं मी ठेचकाळत शिकलो. फुकटचा मान कोण सोडतो?

तुरीचा हंगाम संपत आला होता, अंगात त्राण उरलं नव्हतं, आणि त्यातच मालकांनी नवं मशीन मागवलं. तेही चिनीच, आठवड्यात येणार. नेमकी तेव्हाच नांदेडहून माझी भाची कहकशां आली. वाचताना माणसाचे डोळे कसे फिरतात, याचा ती विद्यापीठात अभ्यास करते. चिनीत म्हणे दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, अक्षरं सगळी खेटून. मग शब्द कुठे संपला हे डोळ्याला कळतं कसं? चिनी वाचणारा मामा घरातच आहे म्हणून तिला कोण आनंद.

मिलमध्ये येऊन तिनं मोबाइलवर माझ्या डोळ्यांचा व्हिडिओ घेतला आणि तो सावकाश चालवून बघितला. वाचणाऱ्याचा डोळा बारीक उड्या मारत, थांबत जातो म्हणे. माझा सरळ तिसऱ्या ओळीवर पडला आणि तिथून खाली, काचेआड पडणाऱ्या डाळीवर. बास. मग तिनं पडद्यावरचे शब्द कागदावर उलटसुलट क्रमानं लिहिले आणि ‘हवेचा दाब’ कुठला ते विचारलं. नऊ वर्षं रोज बोट लावलेला शब्द. मला सापडला नाही.

“मामू, तुम पढतेच नै,” ती हळूच म्हणाली. “तुमारी आँख जगा याद रखी है.”

मला इतका राग आला की तिला चहासुद्धा विचारला नाही. पण नव्या मशीनवर ओळींची जागा बदललेली असली तर चारचौघांत माझी शोभा होणार होती. संध्याकाळी मीच वही घेऊन तिच्यापुढे बसलो. पन्नाशी उलटलेला माणूस, डोळे चुरचुरतायत, आणि गिरवतोय. पाच दिवसांत अकरा शब्द पक्के केले. अकरावा न चुकता ओळखला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू?

सोमवारी मशीन आलं. पडदा उजळला, तर सगळं मराठीत. मालक खूश. त्यांनी पोती शिवणाऱ्या सिंधूबाईंना बोलावून वाचायला लावलं. त्या धडाधड वाचत गेल्या. आता चिनी वाचणारा कशाला, म्हणत मालकांनी तिथल्या तिथे अदलाबदल केली: मशीनवर सिंधूबाई, पोत्यांवर मी.

मी मालकांना बाजूला घेतलं. म्हटलं, “मालक, मला चिनी कवाच येत नव्हती. मी डाळ बघून मशीन चालवत होतो.”

ते हसले. “कायबी बोलायलास. नऊ वर्षं चिनी वाचलंस तू. आता दमलास, बस जरा.”

बसलो. तिकडे नव्या मशीनमधून चांगली डाळ खराबात उडत होती. मला इतक्या लांबून दिसत होती. कुणी विचारलं नाही. मी पोत्याचं तोंड जुळवलं आणि सुतळी ओवली.