ओगराळ्यापाशी लोक गळतात

बुटाच्या नाडीच्या एका टोकाला गाठ मारून ठेवायची. मग एकच टोक उरतं, आणि एका टोकाला एक हात पुरतो.

*

लिंबू दाराच्या फटीत पिळता येतं. पिळू नये. दाराला वास राहतो.

*

«सलाम तुमच्या जिद्दीला, ताई. आम्हाला दोन-दोन हात असून आम्ही रडतो.»

*

शाबास लिहिणाऱ्याने एक दिवस गप्प बसायचं.

*

«तुमची साखळी तुटली आहे. आजच परत या. आम्हाला तुमची आठवण येते.»

*

पातेल्याला दोन कान का असतात? बनवणाऱ्याला दोन हात होते म्हणून.

*

हे सगळं आमच्याच स्वयंपाकघरातून सुरू झालं. म्हणजे वन्संच्या. वन्सं ही माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. आजकाल नणंदेला कोणी वन्सं म्हणत नाही. मी लग्नानंतर चिडवायला म्हणाले आणि ते चिकटलं. खोक्यांच्या कारखान्यात त्यांचा उजवा हात मनगटापासून गेला. त्यावर घरात कोणी बोलत नाही, त्या स्वतः मात्र बोलतात.

पहिला व्हिडिओ कांद्याचा. पाटाला खालून दोन खिळे ठोकलेले, टोकं वर, त्यावर कांदा रोवलेला आणि डाव्या हातात सुरी. मोबाईल मी धरला होता. कांदा निसटला आणि घरंगळत ओट्याखाली गेला. वन्संनी त्याच्या आईचा उद्धार केला, वाकून तो शोधला, धुतला, पुन्हा रोवला.

मी म्हटलं, “वन्सं, एवढं कापून टाकते हं.”

“काय म्हणून?”

“पडलेलं कशाला दाखवायचं?”

“अगं, ज्याच्या घरी कांदा पळेल त्याला वाटेल जगात फक्त माझाच पळतो. राहू दे. शिवीही राहू दे.”

असा मोबाईलवर गट सुरू झाला. नाव «एकहाती». नियम कांद्यातूनच निघाला: कापायचं नाही. पडलं तर पडलेलं दिसलं पाहिजे, वेळ लागला तर तेवढा वेळ लागला पाहिजे. खाली शाबास, वा वा, सलाम असलं काही लिहायचं नाही. लिहायचं ते एवढंच: «मग?» किंवा «पुन्हा दाखव.» शर्टाची बटणं लावून दाखवणाऱ्या गवंड्याला कोणीतरी विचारलं होतं, «बाहीचं बटण कसं लावलंस ते दिसलं नाही, मग?» त्याने दुसऱ्या दिवशी नुसत्या बाहीचा व्हिडिओ टाकला. त्यात तो मध्येच दातांनी बाही धरतो आणि शिंकतो. शिंकही ठेवलेली.

आणि जोड्या. नवं माणूस आलं की वन्सं त्याला जोडीदार द्यायच्या. उजवा गेलेल्याला उजवा गेलेला, डावा गेलेल्याला डावा. शिवाय काम जुळायला हवं. कारकुनाला गवंडी देऊन उपयोग नाही. जेवणाच्या टेबलावर साखरेच्या डब्याला मोबाईल टेकवून त्या तासन्‌तास हे जुळवत बसायच्या. माझा नवरा म्हणायचा, “ताईने लग्नं जुळवायचा धंदा काढलाय.”

“लग्नं मोडतात रे,” वन्सं म्हणायच्या, “ही टिकतात.”

कोणी बरेच दिवस दिसलं नाही तर त्या फोन करायच्या. बोलायला काही नसलं तरी. “काय करतेस? भांडी घासतेस? घास, घास, मी थांबते.” पलीकडे भांडी वाजत राहायची, अलीकडे वन्सं चहा प्यायच्या.

*

टाळीसाहेब.

हे वन्संनी ठेवलेलं नाव. एका संस्थेने आम्हाला स्वतःचं अॅप देऊ केलं. फुकट, देखणं, मोठी अक्षरं, एका अंगठ्याने चालणारं. वन्संना तो अंगठा आवडला आणि त्यांनी «मान्य»वर टेकवला. अॅपबरोबर एक तरुण आला. गट वाढवणं आणि जागता ठेवणं हेच त्याचं काम, त्याला पगारच त्यासाठी मिळायचा. त्याने पहिल्याच आठवड्यात टाळीचं बटण बसवलं, म्हणून हे नाव. एकदा दाबलं की टाळी. एका हाताने.

मुलगा वाईट नव्हता. वाईट असता तर चटकन ओळखता तरी आला असता. वन्संना मॅडम म्हणायचा, जिन्यात त्यांच्या हातातली पिशवी घ्यायचा. सांगायचा, “मॅडम, तुम्ही सोनं तयार केलंय. फक्त त्याला चकाकी द्यायची राहिलीय.”

चकाकी आली. रोज यायचं, रोज एक टाळी द्यायची, की साखळी वाढते. साखळी वाढली की पदक. जोड्या बंद झाल्या, कारण माणसं जोडीदाराशी खाजगीत बोलतात आणि ते बोलणं गटात दिसत नाही. फोन बंद झाले, कारण आठवण काढायला आता यंत्र होतं. माणसं मात्र पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखी उगवली. त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांना दोन्ही हात होते. ते रोज सकाळी यायचे, कोणाचं तरी बटण लावणं बघायचे, डोळे पुसायचे आणि कामाला जायचे.

वन्सं म्हणाल्या, “हे आपल्याकडे बघतायत, पण शिकत काहीच नाहीयेत.”

“मॅडम, त्यांना प्रेरणा मिळते.”

“मग त्यांनी डॉक्टरकडे जावं.”

*

पुढे जे येतंय ते कंटाळवाणं आहे. मुद्दामच.

दोन कानांच्या पातेल्यात बटाटे उकडलेत. पाणी उकळतंय. हात एक. बटाटे गाळायचेत.

पातेलं उचलायचं नाही. गॅस बंद करायचा. ओट्यावरच्या मोरीच्या बाजूला एक रिकामं भांडं ठेवायचं. ओगराळं घ्यायचं. एक ओगराळं पाणी काढायचं, भांड्यात ओतायचं. दुसरं काढायचं, ओतायचं. वाफ तोंडावर येते, मान वळवायची. आणखी एक. ओगराळ्यात बटाटा आला तर परत सोडायचा. आणखी एक. हात भरून आला तर ओगराळं पातेल्यात सोडून बोटं झटकायची. आणखी एक. खिडकीबाहेर बघायचं. आणखी एक. शेजारीण हाक मारते, तिला नंतर ये म्हणायचं. आणखी एक. आता बटाट्यांची डोकी दिसतात. आणखी एक, आणखी एक. पाणी बुडाशी आलं की पातेलं शेगडीवरून खाली ओल्या फडक्यावर सरकवायचं, पातेलं न उचलता ओट्यावरून मोरीपर्यंत ओढत न्यायचं, वर झाकण ठेवून ते कोपराने दाबायचं, एक कान धरायचा आणि तिरकं करायचं. आता ते हलकं आहे. आता एका हाताचं आहे.

वन्संनी हे असंच दाखवलं होतं, मला हे लिहायला लागलं त्याहून सावकाश. मधे हात भरून आला तेव्हा त्यांनी मला विचारलं होतं, “तुझा दुखतोय का गं, मोबाईल धरून?” मी म्हटलं, “दुखतोय.” त्या म्हणाल्या, “बदल.” मी मोबाईल दुसऱ्या हातात घेतला. चित्र हललं. तेही व्हिडिओत होतं.

टाळीसाहेबांनी टाकला तो व्हिडिओ असा: पातेलं उकळतंय. वन्संचा चेहरा. व्हायोलिन. एक हात एक कान धरतो, पातेलं तिरकं होतं, पाणी वाफाळत मोरीत जातं. वन्सं हसतात. अक्षरं: हात एक, हिंमत हजार.

टाळ्यांचा पाऊस पडला. आमच्या लिफ्टमध्ये एका अनोळखी बाईने वन्संच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं.

*

इस्त्रीवाली दुसऱ्या गावची. धुलाईच्या कारखान्यात चादरी दाबणाऱ्या रुळाच्या इस्त्रीने तिचा उजवा हात नेला. ती नव्या अॅपवर आली, त्यामुळे तिला जोडीदार मिळाला नाही, स्वागताचं पदक मिळालं. तिने गटात लिहिलं होतं, «मुलीला बटाटे आवडतात. ताईंचा व्हिडिओ बघून आज पहिल्यांदा एकटीने करणार.» त्याखाली टाळ्याच टाळ्या. «मग?» कोणीच विचारलं नाही.

तिने भरलेलं पातेलं एका कानाने उचललं.

त्यानंतर ती गटात दिसली नाही. यंत्राने तिला कळवलं की तुमची साखळी तुटली आहे, आम्हाला तुमची आठवण येते. उत्तर तिच्या सासूकडून आलं, आवाजात, आणि ते वन्संनाच आलं. वन्संनी ते टेबलावर सगळ्यांसमोर लावलं.

“मी तिची सासू बोलतेय. तुमच्या त्या बाईने दाखवलं तसंच केलं तिने. उरलेला हात भाजला, कोपरापर्यंत. आता तिला पाणीसुद्धा मी पाजते. मुलगी घाबरून जवळ जात नाही. तुम्ही टाळ्या वाजवा.”

माझा नवरा म्हणाला, “ताई, तुझी काय चूक यात?”

वन्सं म्हणाल्या, “तसंच केलं म्हणते ती. माझा चेहरा आहे त्यात. मी हसतेय.”

*

संस्थेचं ऑफिस सातव्या मजल्यावर. काचेची खोली, फिरत्या खुर्च्या. भिंतीवरच्या पडद्यावर आमच्या गटाचा आकडा होता आणि आम्ही बसलो असतानाही तो वाढत होता.

“मला पूर्ण व्हिडिओ परत वर हवा,” वन्सं म्हणाल्या. “कापलेला काढा, पूर्ण लावा. बाकी काही नको.”

टाळीसाहेबांना खरंच वाईट वाटलं होतं. त्यांचे डोळे लाल होते. त्यांनी लॅपटॉप वळवला. “मॅडम, आम्ही पूर्णही आधी तपासला होता. ही रेघ बघा. किती लोक बघतायत त्याची आहे. इथपर्यंत सगळे आहेत. इथे तुम्ही ओगराळं घेता. आणि इथून…” रेघ जिन्यावरून पडल्यासारखी खाली गेली होती. “ओगराळ्यापाशी लोक गळतात.”

“गळू देत की.”

“सगळेच गळले तर गट मरेल मॅडम.”

“सगळे नाही. ही तळाला रेघ उरलीय ना, बारीक? ती कोण आहेत?”

“ती… फारच थोडी आहेत.”

“ती आमची आहेत. बाकीचे तुमचे पाहुणे.”

टाळीसाहेबांनी कापलेल्या व्हिडिओखाली नुसती «काळजी घ्या» अशी सूचना लिहायची तयारी दाखवली. वन्संनी विचारलं, काळजी कशी घ्यायची तेही लिहिणार का? त्यांनी लॅपटॉप मिटला. मग खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात म्हणाले, “मॅडम, एक सुचवू? त्या ताई बऱ्या झाल्या की आपण त्यांचा प्रवास दाखवू. भाजण्यापासून परत उभं राहण्यापर्यंत. तुम्ही दोघी एकत्र. लोक आयुष्यभर विसरणार नाहीत.”

मी वन्संना ओळखते. शिव्यांचा साठा मोठा आहे. मी वाट बघत होते. त्यांनी एकही दिली नाही. पिशवी काखेत मारली आणि म्हणाल्या, “चल गं. इथे बसले तर माझा उरलेला हात काहीतरी करून बसेल.”

*

त्याच दुपारी त्यांनी गटात पूर्ण व्हिडिओ स्वतःच टाकला. वर लिहिलं: «आधीचा खोटा आहे. तो बघून पातेलं उचलू नका. एक बाई भाजली आहे.» संध्याकाळपर्यंत तो काढला गेला. कारण दिलं होतं: नकारात्मक मजकूर. त्यांनी पुन्हा टाकला. मग त्यांनाच काढलं. स्वतः उभ्या केलेल्या गटाचं दार त्यांच्या तोंडावर बंद झालं आणि दारावर त्यांचाच हसरा फोटो तसाच राहिला. तो मी बघू शकत होते, कारण मी अजून आत होते. दोन हातांची प्रेक्षक.

वन्संनी जुन्यांना फोन लावायला सुरुवात केली. नवा गट काढू, लहान, जुन्या नियमांचा. काही आले. गवंडी नाही आला.

“ताई, माझं ऐका ना,” तो म्हणाला. “मला तिकडे आता लोक ओळखतात. रस्त्यात थांबवतात.”

“तू शिंकलेला व्हिडिओ त्यांनी कापला, माहीत आहे का तुला?”

“माहीत आहे. बरं झालं की. शिंकताना कोणाला बघायचंय?”

“मला,” वन्सं म्हणाल्या. फोन ठेवल्यावर ओट्याजवळच्या स्टुलावर बसून राहिल्या. मग मला म्हणाल्या, “उद्या बसची तिकिटं काढ. दोन.”

*

इस्त्रीवालीच्या सासूने दार उघडलं आणि वन्संचा चेहरा ओळखला. साहजिक आहे, तो सगळ्यांनाच माहीत होता.

“हसायला आलात?”

“नाही. बोला तुम्ही, मी ऐकते.”

सासू बोलली. उंबरठ्यातच. शेजारची दारं उघडली तरी थांबली नाही. मी मध्ये तोंड उघडलं, “अहो, तो व्हिडिओ यांनी कापला नव्हता,” तर वन्संनी मला कोपराने ढोसलं. बोलून बोलून दम लागल्यावर सासू म्हणाली, “आत या. दारात किती उभं राहणार.”

इस्त्रीवाली खिडकीशी बसली होती. भाजलेला हात उशीवर, बोटांपासून कोपरापर्यंत गुंडाळलेला. मुलगी लांब, कपाटाला टेकून. वन्संनी विचारलं, घरात बटाटे आहेत का. सासूने माझ्याकडे पाहिलं, मग डबा काढून दिला.

पाणी उकळलं. वन्संनी गॅस बंद केला, रिकामं भांडं ठेवलं आणि ओगराळं घेतलं. मी सवयीने मोबाईल काढला.

“ठेव तो,” वन्सं म्हणाल्या. “ती इथे बसलीय.”

एक ओगराळं. दुसरं. इस्त्रीवाली बघत होती, आणि जसजशी बघत होती तसतसा तिचा चेहरा लाल होत गेला. पाणी निम्म्यावर आलं तेव्हा ती म्हणाली, “एवढं पाणी आधी काढायचं असतं?”

“हो.”

“हे दाखवलं का नाहीत?”

“दाखवलं होतं.”

“मला नाही दिसलं.”

“नाही दिसलं तुला,” वन्सं म्हणाल्या.

“मी शंभरदा बघितलं ते. पाठ होतं मला. तुम्ही कुठे हसता तेसुद्धा.” तिचा आवाज चढला. “मला वाटलं माझ्याच हातात जोर नाही.”

वन्संचा हात थांबला. माफ कर म्हणतील असं मला वाटलं. त्यांनी ओगराळं पुन्हा बुडवलं, भरलं, ओतलं. मुलगी कपाटापासून सुटून आजीच्या मागे येऊन उभी राहिली. आणखी एक. खोलीत वाफ झाली होती. पातेल्यात अजून बरंच पाणी होतं.

मला आठवलं, खोक्यांच्या कारखान्यात वन्संचा उजवा हात गेला त्या दिवशी त्यांची सुट्टी होती. त्या दुसऱ्या एका बाईच्या बदली कामावर गेल्या होत्या. तेव्हा दुसरीचं त्यांनी भोगलं होतं, आता त्यांचं ही भोगत होती.