लोर्नाआंटीचे हात

२०१६ सालची गोष्ट. परदेशात, मनुरेवा नावाच्या उपनगरात, आमच्या शेजारी मारिसेल नावाची फिलिपिनो मुलगी आईबरोबर राहायची. स्वतः डिझाइन केलेले कपडे घालून ती स्टेजवर नाचायची. मी पुण्याची, आयटीतली, पण शिवणकाम बऱ्यापैकी यायचं. म्हणून शनिवारी तिला मदत करायला जायचे.

त्या वर्षीच्या तिच्या पोशाखाच्या बाह्या पारदर्शक होत्या. त्यांवर तिने काळ्या धाग्याने नेचे आणि गोमी भरल्या होत्या. तिच्या आजोळी, फिलिपिन्समधल्या कलिंगा प्रांताच्या डोंगरात, बायका हातभर असं गोंदवून घ्यायच्या. पुढे शाळांनी त्याची लाज वाटायला शिकवलं.

"घरात कोणी काही सांगतच नाही, वल्लरी," मारिसेल म्हणायची. "सगळं जुन्या फोटोंवरून शिकले."

तिची आई, लोर्नाआंटी, वृद्धाश्रमात कामाला होती. तरुणपणी तेल उडून तिचे हात भाजले होते, एवढंच आम्हाला ठाऊक.

शोच्या दिवशी हॉल गच्च भरला होता. मारिसेलने नाचता नाचता हात पसरले, आणि पहिल्या रांगेतून लोर्नाआंटी ताडकन उठली.

"उलटी आहे! गोम खांद्याकडे चढते. तू खाली उतरवलीस!"

संगीत थांबलं. मारिसेल जागच्या जागी थिजली. "आई, तुला कसं माहीत?"

लोर्नाआंटीने कार्डिगन काढलं. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी चुरगळलेल्या कागदासारखी.

"तेल उडालं नव्हतं," ती म्हणाली. "मनिलात ज्यांच्या घरी कामाला होते, त्यांची मुलं माझं गोंदण बघून मला जंगली म्हणायची. एका दुपारी मीच ओतलं. आधी डाव्यावर, मग उजव्यावर."

एक हात भाजल्यावर त्याच हाताने तिने पुन्हा कढई उचलली होती!

मारिसेल रडली नाही, भडकली. "आणि मी तीन वर्षं परक्यांनी काढलेले फोटो धुंडाळत बसले?"

शो तिथेच थांबला. लोक बराच वेळ बसून होते.

पंधरा दिवस मायलेकींत अबोला होता. मग एका सकाळी मी गेले, तर आंटी कोळशाने मारिसेलच्या हातावर नक्षी काढत होती, मनगटाकडून वर. मारिसेल एकेका रेघेचं नाव विचारत होती, डोळे पुसत होती. काही नावं आंटीला आठवली नाहीत. तसं तिने सरळ सांगितलं.