खुर्च्यांवर वाळणारे कपडे

"सुटलो बाई एकदाचे त्या धपधपाटातून! महिना झाला, छत कसं गप्प आहे."

खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात शेजारणीच्या कानाला लागल्या होत्या. पण वरून उतरणाऱ्या कंडक्टरबाईंचे कान मागच्या दारातलं 'सुट्टे नाहीत'सुद्धा टिपणारे.

"शांतता फार झाली असेल तर सांगा काकू. मीच नाचते!"

काकूंनी दार लावून घेतलं.

हल्ली बाईंचा राग असाच, दिसेल त्याच्यावर जाई. बसमध्ये त्यांनी एका गरीब म्हाताऱ्याला झापलं, "पुढे सरका की आजोबा, पुढे काय वाघ बसलाय?" म्हातारा वाघ बघितल्यासारखा सरकला. बाईंनी घंटीची दोरी ओढली, पण हात तिथेच अडकून राहिला. खांद्यावरच्या पिशवीत, तिकिटांच्या खाली, लेकीची उड्या मारायची दोरी वेटोळं करून ठेवलेली होती. लाल मुठींची. घरात ठेवायला जागा नव्हती असं नाही. ठेवायचा धीर नव्हता.

महिन्यापूर्वी लेकीच्या मैत्रिणीच्या आईचा फोन आला होता. "तुमची पोर माझ्या पोरीपाशी नको ते बोलली. जरा लक्ष ठेवा." ते नको ते काय, हे तिच्याही तोंडून निघालं नाही. त्याच संध्याकाळी नवऱ्याने कपडे वाळत घालायची दोरी सोडली. तेव्हापासून कपडे खुर्च्यांच्या पाठींवर, ओल्या बाह्या फरशीवर लोळत.

"हवाच दमट आहे," नवरा म्हणायचा.

"हो ना," बाई म्हणायच्या.

डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "औषध देतेच, पण पोरीला हलू द्या, आवडेल ते खेळू द्या. आणि तिच्याशी सरळ बोला." दोघांनी औषध तेवढं घरी आणलं. बाकीचं दवाखान्याच्या पायरीवरच राहिलं.

पूर्वी पोर दोरीच्या उड्या मारून यायची ती घामाने निथळत, जास्तीची पोळी मागत, पांचट विनोद सांगत. आता शाळेतून आली की भिंतीकडे तोंड करून पडायची. आज बाई घरात शिरल्या तेव्हाही तशीच होती.

"आई, माझी दोरी खरंच सापडत नाही का गं?"

बाईंच्या आधी नवराच घाईने बोलला, "घोडी झालीस आता, उड्या कसल्या मारतेस? खालच्या काकूंना त्रास होतो."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"काकूंना मध्ये घालू नका! सकाळी मीही त्यांच्यावरच राग काढला. ती बाई निदान छताबद्दल तरी बोलते. आपण काय बोलतो? हवा दमट!"

त्यांनी खुर्चीवरची ओली पँट भिरकावली, खुर्ची लेकीच्या पलंगाला भिडवली आणि पिशवी मांडीवर घेऊन बसल्या.

"मरावंसं वाटतं का गं तुला?"

"अगं, काय बोलतेस!" नवरा ओरडला.

"तुम्ही थांबा. मी तिला विचारतेय."

पोर हळूहळू भिंतीकडून वळली. कितीतरी दिवसांनी तिने आईच्या डोळ्यांत बघितलं.

"वाटतं," ती म्हणाली. "उड्या मारताना नाही वाटायचं."