सोबत आलेले

इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या हजेरीवहीत दोन रकाने आहेत. पहिला 'कुटुंबप्रमुख', त्यात नावं छापलेली. दुसरा 'सोबत आलेले'. माझा नवरा विश्वनाथ असताना मी नऊ वर्षं मुकाट दुसऱ्या रकान्यात सही केली. तो जाऊन दोन वर्षं झाली, तरी माझी सही तिथेच. आता मी कोणासोबत येत होते? गाडी मी चालवत आणायची, शिऱ्याचं पातेलंही मीच उचलून आणायचं.

२००५च्या ऑक्टोबरातली वार्षिक सभा. वादाचा विषय एकच: शहराच्या दक्षिण टोकाच्या मनुरेवातला शनिवारचा मराठी वर्ग बंद करून पुलापलीकडे नॉर्थ शोअरला न्यायचा. तो वर्ग माझा. हॉस्पिटलातली नर्सची ड्यूटी सांभाळून मी अकरा मुलं जमवली होती. मुलं मराठी प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देतात हे खरं, पण त्यांना प्रश्न कळतो तो माझ्यामुळे, हे मी ठासून सांगेन. आणि त्या वर्गाचं काय करायचं यावर मला मत नव्हतं. एका कुटुंबाला एक मत, तेही कुटुंबप्रमुखाचं. आमचा कुटुंबप्रमुख म्हणजे माझा मुलगा चिराग, वय एकोणीस, शिकायला डुनेडिनला. मंडळाचं नावसुद्धा त्याला धड आठवायचं नाही.

मी अध्यक्षांना, प्रमोदना, फोन केला.

"वहिनी, रूल आहे तो. चिरागला पाठवा ना, फ्लाइट्स हल्ली चीप आहेत."

"भाऊजी, मागच्याच महिन्यात मी या देशाचं सरकार निवडायला मत देऊन आले. चिरागला विचारून नाही दिलं."

"ते वेगळं हो. आपलं मंडळ म्हणजे घरचं."

घरचं! तळणीच्या वेळी आम्ही घरच्या, हात वर करायच्या वेळी पाहुण्या. मी फोन आपटला.

दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत हे सगळं इंद्रासमोर ओकलं. इंद्रा रामचरण माझ्याच वॉर्डात, मूळची ट्रिनिदादची. तिचे पणजोबा उसाच्या मळ्यात राबायला तिकडे गेलेले. ती हसली.

"आमच्या बेटावर एकोणीसशे पंचवीस साली पहिली निवडणूक झाली," ती म्हणाली. "शंभरात जेमतेम सहा जणांना मत. जमीन हवी, नाहीतर कमाई हवी. पणजोबांकडे दोन्ही नव्हतं. जनगणनेत मात्र त्यांना न चुकता मोजलं होतं."

मोजलं होतं. मला आमची हजेरीवही आठवली.

सभेच्या दिवशी नेहमीप्रमाणे पुरुष हॉलमध्ये आणि आम्ही हॉलच्या किचनमध्ये. प्रमोदनी वहीतल्या सह्या मोजल्या. "चौतीस. घटनेप्रमाणे तीस सभासद लागतात. कोरम झाला."

मी हात पुसत बाहेर आले. "भाऊजी, पहिल्या रकान्यात सह्या किती?"

"एकोणीस."

"म्हणजे बाकीच्या पंधरा आम्ही. आम्ही सभासद आहोत की नाही?"

"आहात ना, फॅमिली मेंबरशिप असते आपली..."

"असलो तर मत द्या. नसलो तर मोजू नका." मी वही ओढली आणि माझ्या सहीवर रेघ मारली.

"वहिनी, जेवणं व्हायचीयत अजून," मागून कोणीतरी कण्हलं. तेवढ्यात निशिगंधा झारा हातात घेऊनच बाहेर आली. माझी मैत्रीण, नॉर्थ शोअरला राहते. तिने स्वतःची सही खोडली. मग आणखी तिघी आल्या. प्रमोदनी मनातल्या मनात वजाबाकी केली. उरले एकोणतीस.

सभा मोडली असती तर हॉल थेट फेब्रुवारीत मिळणार होता. अडला हरी, आणि गाढवाच्या जागी मी. पाय धरून घ्यायला माझी काहीच हरकत नव्हती.

"ठीक आहे," प्रमोद म्हणाले. "हजर असलेल्या प्रत्येक सज्ञान माणसाला एक मत. कोणाची हरकत?"

पुऱ्या गार होत होत्या. हरकत कोणाचीच निघाली नाही.

वर्ग हलवण्याच्या बाजूने अठरा हात वर झाले. विरोधात सोळा. त्या अठरा हातांपैकी एका हातात झारा होता.

मला भयंकर राग आला. मी निशिगंधाला किचनच्या दारात गाठलं.

"मला आधी विचारायचंस तरी!"

"दोन वर्षं दर शनिवारी पोरींना घेऊन पूल ओलांडून येतेय गं. जायला एक तास, यायला एक तास. माझा नवरा मात्र तुझ्याच बाजूने होता, त्याला ड्राइव्ह करावं लागत नाही. आणि कुणाला विचारून मत द्यायचं नसतं, प्रमोदभाऊजींचा फोन आपटल्यावर हे तूच मला म्हणालीस ना?"

तिचं बरोबर होतं, आणि माझा वर्ग गेला होता.

"पुढच्या वर्षी हाच ठराव उलटा आणणारे मी," मी म्हणाले. "आणि तोवर माझ्या गॅरेजमध्ये शिकवीन."

"आण. पटलं तर तुला मत देईन."

सभेच्या मिनिट्ससाठी खोडलेल्या सह्या पुन्हा हव्या होत्या. मी वही उघडली. पहिल्या रकान्यातलं चिरागचं छापलेलं नाव खोडलं आणि शेजारी माझं लिहिलं, ठसठशीत. मग पेन निशिगंधाला दिलं. नवऱ्याच्या नावाखाली, पहिल्याच रकान्यात, ती जागा शोधू लागली.