भरती उतरेपर्यंत

पावसाने सकाळपासून उसंत घेतली नव्हती. गार्डन रीचच्या त्या गल्लीत पाणी गुडघ्यांवर चढले, तेव्हा तळमजल्यावरचे सलील दत्त ओला पायजमा पिळत जिना चढून वर आले.

"दिगंबरदा, आईच्या खाटेला पाणी टेकलं. गेटवर तुमचीच मुलगी आहे ना? एक शब्द टाका."

दिगंबर राजवाडे रेल्वेतून निवृत्त होऊन याच शहरात राहिले होते. शहराचे पाणी जिथे कालव्यातून गंगेत पडते, तिथल्या लोखंडी दरवाजांचा कारभार त्यांच्या वैदेहीकडे होता. वशिल्याचे त्यांना आयुष्यभर वावडे होते. पण या परमुलखात त्यांच्या पत्नीचे, शकुनचे, बाळंतपण दत्तांच्या आईनेच आपलेपणाने केले होते. त्यांनी छत्री उचलली.

"ती सांगाल त्याच्या उलटंच करायची," शकुन म्हणाली. "आणि चारचौघांत पोरीवर ओरडू नका."

गेटपाशी गर्दी उसळली होती. "उघडा! आमची घरं बुडवून काय मिळतं तुम्हाला?" रेनकोटातली वैदेही बसलेल्या आवाजात, अस्खलित बंगालीत, एकेकाला उत्तर देत होती. गर्दीतून वाट काढत दिगंबर तिच्यापर्यंत पोचले.

"वैदेही, थोडं तरी उघड. सलीलच्या आईची खाट भिजली गं."

तिचा चेहरा क्षणभर उतरला. मग त्यांचा हात धरून तिने त्यांना दरवाजावरच्या चौथऱ्यावर नेले.

"बाबा, दोन्हीकडे बघा."

बाहेर भरतीची गंगा फुगली होती. जलपर्णीचे पुंजके चौथऱ्याच्या कडेला घासत होते. आत, शहराच्या बाजूचे पाणी हातभर खाली होते.

"आता उघडलं तर आपलं पाणी बाहेर नाही जाणार, नदी आत येणार. ओहोटी लागली की लगेच उघडते. तोवर आजीला आपल्याकडे वर न्या."

खालून कोणीतरी ओरडले, "अगं, बापाचं तरी ऐक!"

"बापाचं ऐकलं असतं," वैदेही बंगालीत गरजली, "तर मी आज पुण्यात बँकेत बसले असते आणि गंगा तुमच्या स्वयंपाकघरात!"

गर्दीत हशा पिकला. दिगंबरांनाही हसू आवरेना. ती बँकेतली नोकरी घे म्हणून त्यांनी तिच्याशी किती वाद घातले होते! मग ते गर्दीकडे वळले आणि आपल्या मोडक्या बंगालीत म्हणाले, "तिचं बरोबर आहे. मी बघितलं. शंका असेल त्यानं वर येऊन बघावं." दोघेतिघे खरोखरच वर चढले, आणि उतरून नदी किती वर आहे ते बाकीच्यांना हातानं दाखवू लागले.

घरी सलील पायरीवर उभेच होते. "सांगितलंत?"

"सांगितलं. तिनं ऐकलं नाही," दिगंबर म्हणाले. तो आनंद त्यांना लपवता आला नाही. "चला, आईंना वर घेऊ."

दोघांनी म्हातारीला खुर्चीसकट उचलले. जिन्याच्या वळणावर ती कुरकुरली, "गेट कोणी अडवून धरलंय रे?"

"माझ्या मुलीनं," दिगंबर धापा टाकत म्हणाले.

पाणी अजून एक पायरी चढले. वरून डोकावणाऱ्या प्रत्येक शेजाऱ्याला दिगंबर हेच सांगत राहिले. दिवेलागणीला ओहोटी लागली, दरवाजे उघडले आणि गल्लीतले पाणी कालव्याकडे सरकू लागले. पण त्याआधीच सारी इमारत वैदेहीला ओळखू लागली होती.